बसऱ्याची चार हात जागा

लोणावळ्याला खोली बघायला गेले त्या पहिल्याच दिवशी घरमालकांशी माझं वाजलं. मी म्हटलं, महिन्याला चार रुपये देईन. ते म्हणाले, अडीच. मी म्हटलं, "अहो, आधीच्या बाई चार देत होत्या, मला शाळेत सांगितलंय."

"त्या बाईची दोन मानसं व्हती. तुमी येकल्या. अडीच."

मी चोवीस वर्षांची, कपाळ पांढरं झालेली, ट्रेनिंग कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली आणि तोंडाची फटकळ. भाडं कमी करा म्हणून भांडायची तयारी करून आले होते, आणि हा माणूस उलट्या बाजूने ओढत होता. मला वाटलं, छप्पर गळत असणार, नाहीतर खोलीत कुणीतरी फास घेतलेला असणार. मी चिडून म्हटलं, "तीन. त्याखाली एक पै देणार नाही." तीनवर मिटलं. पण त्यांचं तोंड असं काही उतरलं की मीच त्यांना लुबाडलंय असं कुणालाही वाटावं.

छप्पर गळत होतं, ते सोडा. लोणावळ्यात पावसाळ्यात कुणाचं गळत नाही?

सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हणू लागले. मूळचे आंदर मावळातले. पहिल्या मोठ्या लढाईत खेचरांच्या पलटणीबरोबर बसऱ्याला गेलेले. परत आल्यावर गावी राहवेना, म्हणून लोणावळ्यात स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर जागा घेऊन तीन खोल्या आणि एक तबेला उभा केला, आणि टांगा चालवायला लागले. मी गेले तेव्हा लढाई संपून बारा-तेरा वर्षं झाली होती, तरी धोतराखाली पोटऱ्यांना पलटणीतल्या खाकी पट्ट्या गुंडाळायचे. घोडीला "याल्ला, याल्ला" म्हणून हाकायचे. चहा बिनदुधाचा, काचेच्या पेल्यात, इतका गोड की चमचा उभा राहावा. मी एकदा चाखला आणि दिवसभर माझे दात शिवशिवत राहिले.

आणि ती उलटी घासाघीस! भाजीवाली मेथीची जुडी दोन पैशांना म्हणाली की हे म्हणणार, "तीन घे की. लांबून आलीयास." बंगल्यावरच्या शेटने आठ आणे पुढे केले तर "सहाच हुत्यात" म्हणून दोन आणे परत. स्टेशनावर टांगेवाल्यांचा चहा झाला की पैसे द्यायला यांचा हात सगळ्यांच्या आधी खिशात. दुसऱ्या कुणी द्यायला काढले तर अक्षरशः त्याचं मनगट धरायचे. टांगेवाल्यांना ही खोड चांगलीच कळलेली. सगळे मेले आबा आल्याशिवाय चहा मागवायचेच नाहीत. मी एकदा बोलले, "आबा, तुम्हाला लोक वापरून घेतात, कळतं का?"

"कळतंय की."

"मग?"

"खर्चावरनं तंटा नगं, बाई."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काहीही विचारा, शेवटी गाडी तिथेच. मला त्याचा राग यायचा. माणसाने एवढं भोळं असू नये, असं मला वाटायचं. ते भोळे मुळीच नव्हते हे कळायला मला दीड वर्ष लागलं.

तिसऱ्या खोलीत त्यांच्या धाकट्या भावाची बायको राहायची. भाऊ यांच्याबरोबरच पलटणीत होता, तो तिकडेच तापाने गेला. आबांनी स्वतः लग्न केलं नाही. मी तिला मावशी म्हणायची. दोन म्हशी पाळून बंगल्यांवर दुधाचा रतीब घालायची, आपलं आपण कमवायची. आबांचा स्वयंपाकही तिच्याकडेच. पण थोरल्या दिराशी बोलायचं नाही, त्याच्यासमोर तोंड उघडं ठेवायचं नाही, ही त्यांच्याकडची जुनी रीत. आबा अंगणात येताना लांबूनच खाकरायचे. ते ऐकलं की मावशी पदर ओढून आत. एका दारात राहून इतक्या वर्षांत दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेली नव्हती.

मग काम कसं चालायचं? घोडीमार्फत. मी खोटं सांगत नाही. मावशी आतून म्हणायची, "घोडे, भाकरी झालीया म्हनावं." आबा बाहेरून घोडीचा कान खाजवत म्हणायचे, "घोडे, सांग, आज कालवणात मीठ जास्ती झालं." घोडी बिचारी दोन्हीकडे मान वळवायची. मी राहायला आले आणि तिची त्या नोकरीतून सुटका झाली. त्यानंतर "बाई, सांगा त्यांना" आणि "बाई, म्हनावं तिला" हे माझ्या गळ्यात पडलं. शाळेत पन्नास पोरी आणि घरी हे दोन.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर आबांना बसऱ्याहून पत्र आलं. बंदरावरच्या कुणा हिंदुस्थानी कारकुनाने इंग्रजीत लिहून दिलेलं. माझं इंग्रजी चार इयत्तांचं, पण लोणावळ्याच्या आमच्या आळीत तेवढंही कुणाला नव्हतं. आबा पत्र घेऊन माझ्या उंबऱ्याशी आले आणि उभ्यानेच म्हणाले, "वाचा."

पत्र एका खजुराच्या बागवाल्याचं होतं. भाऊ गेला तेव्हा आबांनी त्याला ज्याच्या बागेच्या कडेला अग्नी दिला, तो हा माणूस. लढाईची धामधूम, जाळायला लाकूड नाही, पलटण दुसऱ्या दिवशी पुढे निघायची. या बागवाल्याने आपल्या बागेतली वाळलेली खोडं ओढून आणून दिली आणि पैसे घेतले नाहीत. एवढ्या वर्षांनी तो लिहीत होता, की मी म्हातारा झालो, मुलाकडे शहरात राहायला जाणार, पुढचा खजूर उतरला की बाग विकणार. तुझ्या भावाच्या जागेवर मी एक दगड ठेवून ती राखली आहे, तिथे नांगर घातलेला नाही. नवा मालक घालेल. तुला हवी असेल तर तेवढी जागा वेगळी काढून तुझ्या नावाने करून देतो. किंमत घेणार नाही.

मी वाचून संपवलं तसे आबा तिथेच पायरीवर बसले.

"परक्याच्या बांधावर ठिवून आलो त्याला," ते म्हणाले. "ल्हिवा, बाई. जागा घेतो म्हनावं, धाकल्याच्या नावानं. चार हात लांब, चार हात रुंद. पर फुकाट न्हाई. किंमत घ्याची. आन कागदाचा सगळा खर्च माजा. लिहिणावळ, स्टॅम्प, मोजणी, जे काय आसंल त्ये. त्यांनी एक पैसा घालायचा न्हाई. ह्ये दोनदा ल्हिवा."

मी दोनदा लिहिलं. वर ताकीद मिळाली, की यातलं मावशीच्या कानावर घालायचं नाही.

बोटीने पत्र जायला पंधरा-वीस दिवस, यायला तेवढेच. उत्तर आलं. बागवाला म्हणत होता, तुझा हट्टच असेल तर एका टोपलीभर खजुराची किंमत घेतो. पण दस्ताचा खर्च माझा. मेलेला माणूस माझ्या बागेत पाहुणा म्हणून आहे, आणि पाहुण्याच्या अंथरुणाचे पैसे कुणी घेत नाही. शिवाय परदेशी माणसाला जागा द्यायची तर कचेरीचा वेगळा परवाना लागतो आणि त्याची फी भारी आहे, ती तुला परवडायची नाही.

हे ऐकून आबा असे भडकले की काय सांगू! "परवडायची न्हाई? मला? ल्हिवा! परवाना माजा, फी माजी!"

पुन्हा पत्र. पुन्हा उत्तर. पुन्हा तेच. जगात जमिनीचे व्यवहार मोडतात ते खर्च दुसऱ्याच्या गळ्यात घालण्यावरून. इथे दोन म्हातारे, मध्ये अख्खा समुद्र, आणि दोघंही खर्च आपल्याकडे ओढतायत. आणि मी मधे, डिक्शनरी घेऊन बसलेली.

त्यातच साडीचोळीचं निघालं. एके दिवशी आबा टांगा सोडून तडक माझ्याकडे आले. "बाई, एक राह्यलंच की. त्यांना बहीन हाय का, इचारा."

"बहीण कशाला?"

"जमीन द्यायची तर बहिनीचा हक्क सुटाया नगं का? तिला साडीचोळी केल्याबगर जागा लाभती व्हय?"

मी समजावलं, की अहो, तो मुलूख वेगळा, तिकडच्या चालीरीती वेगळ्या, तिथल्या बाईला आपलं लुगडं नेसता तरी येईल का? आबा म्हणाले, "नेसनं तिची तिला ठावं. देनं आपलं काम." बहीण आहे असं उत्तर आलं. त्या आठवड्याला त्यांनी कामशेतचा बाजार गाठला, हिरवं नऊवारी लुगडं आणि खणाचा तुकडा आणला, माझ्याकडून ते मेणकापडात शिवून घेतलं आणि पार्सल केलं. किती पैसे गेले ते मला सांगितलं नाही.

दोन महिन्यांनी उत्तर आलं ते वाचताना मला हसू आवरेना. बागवाल्याने लिहिलं होतं, की बहिणीने कापड अंगणात उलगडत नेलं तर ते संपेचना. एका बाईला एवढं कापड लागतं यावर तिचा विश्वास बसला नाही. चार मुलींसाठी पाठवलं असणार असं समजून तिने त्याचे चार तुकडे केले आणि लेकींत वाटून टाकले. खणाचा तुकडा मात्र तिने स्वतःला ठेवला. आणि तिच्याकडून ही भेट, म्हणून बरोबर खजुराचा एक डबा.

मला वाटलं आबा हिरमुसतील. छे! त्यांचा चेहरा उजळला. "चौघी ल्याल्या म्हनायचं. लय झ्याक झालं." दिवसभर स्टेशनावर सांगत सुटले. खजूर वाटला, घोडीलाही चारला.

मावशीला मी दोन खजूर नेऊन दिले. कुठले, तिने विचारलं. बसऱ्याचे, मी म्हटलं. तिने तोंडात घातले नाहीत. पदराच्या टोकाला बांधून ठेवले आणि धारा काढायला गेली. तिला पत्रांचा सुगावा होताच, टपालवाला काय लपून येतो? पण तिने विचारलं नाही आणि मला सांगायची बंदी होती.

होळी झाली, शाळेच्या परीक्षा झाल्या, उन्हाळा चढला, तरी खर्चाचं घोडं जागचं हलेना. एका रविवारी आबा नवीन पत्र सांगायला बसले, "खर्च माजा" इथपासून सुरुवात, आणि माझं डोकं फिरलं. मी टाक आपटला.

"मी लिहिणार नाही. आबा, ही काय थट्टा चाललीय? तिकडे खजूर उतरायला तीन महिने राहिले. बाग विकली गेली की संपलं, मग त्या जागेवर नांगर फिरेल. तो माणूस आपण होऊन देतोय तर घ्या ना! निदान अर्धा-अर्धा करा. खर्चावरनं तंटा नको असं तुम्हीच उठताबसता म्हणता, आणि हा तंटा नाही तर काय आहे?"

मला वाटलं आबा दुखावले, आता खोली सोड म्हणतील. त्यांनी पोटरीची पट्टी सोडली, पुन्हा घट्ट गुंडाळली, आणि खाली बघतच बोलायला लागले.

"बाई, आमची भाताची सात खाचरं व्हती. धाकला म्हनला, वाटणी कर. म्या म्हनलं, करू. वडगावला जाऊन कागूद कराया पायजे. लिहिणावळ, स्टॅम्प, मोजणी. त्यो म्हनला, थोरला तू, खर्च तू करायचा. म्या म्हनलं, येगळं तुला व्हायचंय, खर्च तुजा. येवढंच. दुसरं कायबी न्हाई. चार म्हैनं आमी त्याच्यावरनं भांडलो. एका ताटात जेवनारं भाऊ, बोलनं बंद झालं. मंग भरतीवालं आलं. त्यो म्हनला, पलटनीत पगार मिळतुया, कागदाचा खर्च तितनं आनतो. आन गेला नाव द्याया. दुसऱ्या दिशी म्या बी गेलो मागनं. येकल्याला कसा सोडनार?"

पट्टीचं टोक त्यांनी आत खोचलं.

"कागदाच्या खर्चासाठनं गेला बगा त्यो. आता त्याच्या वाटणीचा कागूद व्हतोय, आन त्याचा खर्च म्या दुसऱ्याला करू दिऊ?"

मला रडू आलं. मी लपवलंही नाही. पन्नास पोरींना छडीवर ठेवणारी बाई मी, पदर तोंडाला लावून ढसाढसा रडले, आणि आबाच मला "गप, गप" म्हणत राहिले. मग मी टाक उचलला आणि लिहिलं, खर्च माझा.

ते पत्र पोचलं नसेल तोच तिकडचं दुसरं आलं. या वेळी कारकुनाने घाईघाईत लिहिलं होतं. बागेला गिऱ्हाईक ठरलं, खजूर उतरताच ताबा द्यायचा. आणि दुसरी अडचण. आबांनी जागा भावाच्या नावाने करायला सांगितली होती, ती कचेरीने फेटाळली, कारण मेलेल्या माणसाच्या नावाने जमीन होत नाही. वारसाच्या नावाने होईल. वारसाचा अंगठा असलेलं मुखत्यारपत्र लगेच पाठवा, पुढच्या बोटीने मिळालं नाही तर हातातून जाईल. आणि बागवाल्याचा निरोप, खर्च अजूनही माझाच.

वारस म्हणजे मावशी. तिला सांगणं भाग होतं.

"तुमी सांगा तिला," आबा म्हणाले. "आंगठा घ्या. पर वाटणीचं बोलू नगा. तंटा कशावरनं व्हता त्ये तिला ठावं न्हाई. माजा भाऊ खर्चापायी गेला ह्ये तिला म्या कंच्या तोंडानं सांगू?"

ते अंगणात घोडीपाशी जाऊन उभे राहिले. मी गोठ्यात गेले. मावशी दूध गाळत होती. मी तिच्यासमोर बसून पहिल्या पत्रापासून सगळं वाचून दाखवलं. दगड ठेवून राखलेली जागा, टोपलीभर खजुराची किंमत, लुगड्याचे चार तुकडे, सगळं. फडकं तसंच हातात, दूध गाळायचं राहिलं.

माझं संपल्यावर तिने एकच विचारलं, "खर्च कोन करनार?"

"त्यावरच तर अडलंय. बागवाला म्हणतो मी, आबा म्हणतात सगळा मी."

"सगळा का म्हून?"

मी गप्प राहिले. शब्द दिला होता. खोटं बोलायला जीभ उचलेना, आणि खरं बोलता येईना. मावशीने माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटतं माझ्या त्या गप्प बसण्यातूनच तिला सगळं कळलं. ती उठली. दुधाचे हात तसेच लुगड्याला पुसले, पदर डोक्यावरून घेतला, आणि गोठ्याच्या दारातून सरळ अंगणात गेली. आबा खाकरायचेही विसरले.

घोडीने सवयीने मान वळवली. मावशी घोडीकडे बघत नव्हती.

"आबा," ती म्हणाली, "वाटणी म्या मागाया लावली व्हती."

घोडीच्या आयाळीतला आबांचा हात खाली आला.

"रोजच्या रोज त्यांच्या मागं लागलेवते. खर्च थोरल्यानं करावा, ह्येबी मीच शिकवलं. ते न्हाई म्हनत व्हते. म्हनायचे, जाऊ दे, आर्धा मी घालतो, भाऊच हाय. म्या घालू दिला न्हाई. भरतीला जाताना म्या आडवलं बी न्हाई. म्हनलं, जाऊ दे, पगार तरी यील." तिने पदराने तोंड पुसलं. "पंधरा वर्सं तुमी येकल्यानं त्ये डोक्यावर घ्यून फिरताय. तुमी काय येकल्यानं घालवलं त्यास्नी? ह्या खर्चात माजा वाटा हाय. त्यो म्या कुनाला दिनार न्हाई."

मी गोठ्याच्या दारात कागद धरून उभी. आत जावं की बाहेर यावं, मला कळेना.

आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. शेवटी ते माझ्याकडे वळले.

"बाई, ल्हिवा बागवाल्याला. त्यांचं बी ऱ्हाऊ द्या. खर्चाच्या तीन वाटण्या करायच्या. त्यांची एक. माजी एक." इथे ते अडले. मग मावशीकडे बघून, तिचं नाव घेऊन, तिलाच म्हणाले, "आन तुजी एक."

मावशीने मान हलवली. वडगावला जाऊन अंगठा द्यायचा होता, तर दुसऱ्या दिवशी तिघं टांग्यातूनच निघालो. आबा पुढे, आम्ही दोघी मागे. मी भाड्याचे पैसे पुढे केले तेव्हा मात्र मला अशी एक शिवी ऐकायला मिळाली की ती बसऱ्याची होती की आंदर मावळातली, मी अजून ठरवू शकलेले नाही.

मुखत्यारपत्र बोटीवर वेळेत चढलं. बागवाल्याने तीन वाटण्यांवर काही हुज्जत घातली नाही. कारकुनाने एवढंच लिहिलं, की म्हातारा ऐकून हसला आणि म्हणाला, ठीक आहे, म्हणजे आता आम्ही तिघं भाऊबंद झालो.

गणपतीनंतर दस्त आला. जाड कागद, उजवीकडून डावीकडे जाणारी ती लिपी, खाली शिक्के. आमच्यापैकी कुणालाच त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं. पण कारकुनाने सोबत जागेची चतुःसीमा इंग्रजीत लिहून दिली होती. अंगणात ओल होती, म्हणून आम्ही आबांच्या ओसरीवर बसलो. आबा एका बाजूला, मावशी दुसऱ्या बाजूला. मी वाचायला लागले. मधे मधे माझं इंग्रजी अडत होतं.

"उत्तरेला बागवाल्याच्या बहिणीचा वाटा, तो तिने विकलेला नाही. पश्चिमेला खजुराची तीन झाडं. दक्षिणेला पायवाट. पूर्वेला पाट."

"पाटाला पानी असतं का?" मावशीने विचारलं.

तिने मला विचारलं नव्हतं. आबा तिला म्हणाले, "बारा म्हैनं. नदीचं पानी हाय. भरती आली की वर चढतं, पार कडंपातूर."

मावशीने तो जाड कागद माझ्या हातातून घेतला आणि पूर्वेची बाजू कुठली ते मला बोटाने दाखवायला लावलं. मग तिथे तळहात ठेवून ती म्हणाली, "मंग बरं हाय. त्यास्नी तहान लय लागायची."